घुबडाचं नव्हे, होल्याचं

होळी झाली, की नागपुरात घराघरांच्या मागून खरवडण्याचा आवाज सुरू होतो. पावसाळा-हिवाळाभर अंगणाच्या कोपऱ्यात पडलेले कूलर बाहेर निघतात. ब्लेडनं, पत्र्याच्या तुकड्यानं, मिळेल त्यानं गंज खरवडायचा, टाकीला आतून रंग फासायचा, वाळ्याच्या जुन्या ताट्या फेकायच्या आणि नव्या ठोकायच्या. मग ते धूड खिडकीला लावायचं, पंप सुरू करायचा, आणि नव्या वाळ्यावर पहिलं पाणी पडलं की सगळ्यांनी डोळे मिटून लांब श्वास घ्यायचा. आहाहा! त्या वासावर आमच्या गावची माणसं जीव ओवाळून टाकतात. टाकोत बापडी. मला त्या वासाच्या खालून दुसराच एक वास येतो आणि मी नाकाला पदर लावते.

परवा माझ्या कूलरची मागची ताटी काढली, तर आत होल्याचं घरटं. घरटं कसलं मेलं! चार काड्या, एक तारेचा तुकडा, आणि त्यावर बाईसाहेब बसून गेलेल्या. चिमणी निदान कापूस तरी गोळा करते. होल्याला तेवढाही उत्साह नाही. खाली मात्र विष्ठेचा वाळलेला थर, पांढरा-हिरवा, कडेनं किडे वळवळताहेत, आणि त्या सगळ्यात एक पीस. मी ते चिमटीत उचललं तशी बोटांना पिठासारखी भुकटी लागली. होल्या-पारव्यांच्या अंगावर ही भुकटी असतेच. शी! अंगावर काटा आला माझ्या. आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, बेडूक फाडले, जंत बरण्यांत भरले, पण ही भुकटी बोटाला लागली की मला अजून मळमळतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या मालतीबाईंनी मान वर काढली. त्यांच्याकडे नुकतीच नवी सून आली आहे, तेव्हापासून त्यांचं सगळीकडे बारीक लक्ष असतं. "मॅडम, पीस निघालं काय वो? घुबडाचं तं नाई ना?"

मी पीस भिंतीवर ठेवलं आणि मोरीत जाऊन हात धुवायला लागले. साबण संपत आला तरी धूतच होते.

घुबडाचं तर नाही ना. हाच प्रश्न, ह्याच दिवसांत, ह्याच वासात.

तेव्हा आम्ही धरमपेठेत मागच्या गल्लीत राहत होतो. सत्तरच्या दशकातली वर्षं. मी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि प्रॅक्टिकलची परीक्षा डोक्यावर आली होती. बाबा एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. माझी आई मी लहान असतानाच गेली होती, आणि घर चालवायची मोठी आई, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काका गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि आमचीच झाली. तिनं माझ्या वेण्या घातल्या, माझी आजारपणं काढली, ते मी विसरलेले नाही. पण तिचा शब्द म्हणजे शब्द. पायलीभर डाळीत खडा कुठं आहे ते तिला लांबून दिसायचं, आणि नसला तरी दिसायचा.

त्या वर्षी माघात दादाचं लग्न झालं होतं. दादा खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला होता, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. वहिनी काटोलकडची, संत्र्याच्या बागांतून वाढलेली. कुसुम नाव. मोठ्यानं हसायची. आमच्या घरात मोठ्यानं फक्त रेडिओ बोलायचा, त्यामुळे ती हसली की बाबा दचकून चष्मा सावरायचे. मला ती फार आवडायची. माझ्या जंतांच्या आकृत्या बघून म्हणायची, "शालूबाई, हे इतकं घाण घाण काढून राहिल्या तुम्ही, मंग जेवता कशा वं?"

जेवण त्या दिवसांत कठीणच होतं म्हणा. कुरडयांचे दिवस. गहू पाण्यात घालायचा, रोज पाणी बदलायचं, तो आंबला की वाटून त्याचा चीक काढायचा. पुढे तळलेली कुरडई पानात फुलासारखी पडते तेव्हा सगळे वाहवा करतात. आधी त्या आंबलेल्या गव्हाचा वास कुणी घेतलाय? सगळ्या घरात तो आंबूस, ओकारी आणणारा वास भरून राहायचा. वहिनी पदर खोचून कोपरापर्यंत हात त्यात घालायची आणि मी शेजारी बसून यकृतातल्या कृमीचा जीवनक्रम घोकायची. आजही ती आकृती फळ्यावर काढताना मला कुरडईचा चीकच आठवतो.

एका शनिवारी दादा येणार म्हणून बाबांनी त्याच्या खोलीच्या खिडकीला कूलर लावून टाकला. आमच्याकडे कूलर आला त्याला तेव्हा दोन-तीनच उन्हाळे झाले होते, आणि त्याला हात लावायचा मान बाबांचा. मोठी आई भजनाला गेलेली, वहिनी चक्कीवर, मी कॉलेजात. आम्ही परत आलो तर पाणी ठिबकतंय, नवा वाळा घमघमतोय आणि बाबा हात पुसत उभे. रात्री दादा-वहिनी दार लावून गार वाऱ्यात झोपली.

रविवारी सकाळी मोठी आई गाद्या उन्हात टाकायला म्हणून त्या खोलीत गेली आणि तिथून तिची किंकाळी आली.

वहिनीच्या उशीजवळ, चादरीच्या वळीत एक पीस पडलं होतं. बोटभर लांब, आणि त्यावर तपकिरी आडवे पट्टे, एकाखाली एक, अगदी सारख्या अंतरावर.

"घुबड!" मोठी आई भिंतीला टेकून खाली बसली. "बाई बाई बाई! नव्या जोडप्याच्या गादीत घुबडाचं पीस! करनी व्हय ही. वंश बुडवाची करनी!"

वहिनी दारात उभी. हातात चहाचा कप.

"कोनं देल्लं तुले हे? कोनापासून आनलं?"

"मले काय मालूम आत्याबाई? मी काहून आनू?"

"मंग आलं कुठून? खिडकीले कूलर. दार रातभर आतून बंद. आतमंधी तुमी दोघं. माह्या पोरानं आनलं काय मंग?"

वकिलालाही सुचणार नाही असा हा मुद्दा होता. खिडकी बंद, दार बंद, म्हणजे बाहेरून आलेलं या खोलीत एकच, सून. दादा मान खाली घालून बुटाच्या नाड्या बांधायला लागला, आणि दुपारची बस असताना सकाळच्याच बसनं खापरखेड्याला निघून गेला. जाताना वहिनीला काही बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही. बाबांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. विज्ञानाचे शिक्षक! दरवर्षी शाळेत अंधश्रद्धेवर भाषण करायचे, मुलांकडून टाळ्या घ्यायचे. त्या दिवशी पेपरामागून एवढंच आलं, "बघू. शांत व्हा आधी. बघू."

दुपारपर्यंत सगळं ठरलं. वहिनीनं चिकाला हात लावायचा नाही, चुलीपाशी यायचं नाही, त्या खोलीत झोपायचं नाही. पुढच्या रविवारी तिच्या वडलांनी येऊन तिला घेऊन जावं, असा निरोप काटोलला जाणाऱ्या माणसाबरोबर गेला. परत आणायचं की नाही ते मागाहून बघू. ते मागाहून काय असतं हे गल्लीतल्या सगळ्या बायांना माहीत होतं. अशा परत गेलेल्या दोघी तर आमच्याच ओळीत राहत होत्या, माहेरच्या ओसरीवर गहू निवडत. आठवडाभरात काही झालं नाही, तर तिसरी आमची वहिनी. दोन दिवसांत वहिनीचं हसणं असं बंद झालं, की बाबांना चष्मा सावरावा लागेना.

पीस जाळायला माझ्याकडे दिलं होतं. मी ते काडेपेटीत घालून कॉलेजात नेलं.

आमच्या विभागाच्या संग्रहालयात भुसा भरलेलं एक घुबड होतं. एका डोळ्याची काच पडलेली, पोटाला कसर लागलेली, डांबरगोळ्यांच्या वासानं गुदमरलेलं. मी त्याला नाक दाबून खाली उतरवलं आणि त्याचा पंख उघडला. घुबडाचं पीस मखमलीसारखं मऊ असतं, पंखातल्या पुढच्या पिसांच्या कडेला बारीक दातेरी झालर असते, म्हणून तर ते आवाज न करता उडतं. माझ्याजवळचं पीस कडक होतं. झालर नाही, मखमल नाही. बोटावरून फिरवलं तर पांढरी भुकटी लागली. घुबडाचे पट्टे पिसाच्या धाग्याधाग्यात मुरलेले असतात; इथं ते वरून कुणी शिक्का मारावा तसे होते, आणि मधल्या दांड्यावरसुद्धा उमटलेले.

घरी येऊन ते पीस मी कूलरच्या मागच्या जाळीवर धरलं. जाळीच्या गंजलेल्या तारा आणि पिसावरचे पट्टे, दोन्ही तंतोतंत जुळले. पीस ओलं असताना गंजक्या जाळीला चिकटून बसलं होतं, सुकल्यावर सुटलं, आणि पंख्यानं रात्री ते सरळ वहिनीच्या उशीवर नेऊन टाकलं.

कपड्यावरचा गंज घालवायला आपण लिंबू-मीठ लावतो. मी परातीत पीस ठेवलं, लिंबू पिळलं, मीठ चोळलं. पट्टे फिकट झाले, मग गेले. खालून बुडाशी काळसर राखाडी आणि टोकाला स्वच्छ पांढरा रंग निघाला. छोट्या तपकिरी होल्याच्या शेपटीचं, कडेचं पीस. अंगणात दिवसभर घुमणारा, दाणे टिपणारा, कुणीही ढुंकून बघत नाही असा होला! मला इतका आनंद झाला, की वहिनीला मिठीच मारली. "होल्याचं आहे वहिनी! घुबडाचं नाहीच!" तीही हसली, पण ओठातल्या ओठात. मला वाटलं, घाबरली आहे बिचारी. होईल पूर्ववत.

पण मग मला प्रश्न पडला, की कूलरमध्ये होल्याचं पीस असेल तर घरटंही असणार, आणि बाबांनी ताट्या बदलल्या तेव्हा ते त्यांना दिसलं कसं नाही? मी मागची ताटी काढली. आत जो वास कोंडला होता तो आला आणि मी बाजूला जाऊन ओकले. टाकीच्या तळाशी हिरवा गाळ, त्यात विष्ठेचे गोळे, पिसं, अंड्याचं टरफल. घरटं नव्हतं. ते मला न्हाणीघरामागच्या उकिरड्यात सापडलं. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं चौफेर बांधलेला एक पुडा, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बाबा जसे बांधायचे अगदी तसा. आमच्या घरात दुसरं कुणी असं बांधत नव्हतं. सोडला, तर आत काड्या आणि फुटलेल्या अंड्यांचा मुंग्या लागलेला चिखल.

मी तो पुडा तसाच बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. "हळू बोल," म्हणाले, आणि मी अजून काही बोललेच नव्हते. "मला कुठं माहीत होतं आत घरटं आहे म्हणून? ताटी ओढली आणि अंडी खाली पडली. आता तुझ्या मोठ्या आईला कळलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. अंडी फोडली, पाप लागलं, लग्नाच्या घरात अपशकुन. किती कटकट!"

"म्हणजे रविवारी सकाळी तुम्हाला ठाऊक होतं? पीस कुठलं ते?"

बाबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले.

त्यांच्या बोटांवर खडूची पूड होती, नेहमीसारखी. मला त्या बोटांची जी किळस आली ती होल्याच्या भुकटीची कधी आली नसेल. कटकट नको म्हणून! एका पोरीवर करणीचा आळ, तिचं जेवण पडवीत, तिचा संसार मोडायला निघाला, आणि हा माणूस कटकट नको म्हणून पेपर वाचत होता. मी म्हटलं, "रविवारी तिचे वडील येतील. त्यांच्यासमोर तुम्हीच सांगायचं."

"सांगतो. सांगतो ना. तू अभ्यास कर."

रविवारी वहिनीचे वडील आले. पांढरी टोपी, पायांत धुळीनं भरलेल्या चपला, संत्र्यांची पिशवी. मृग बहाराची शेवटची संत्री होती, लेकीच्या घरी मोकळ्या हातानं कसं यायचं म्हणून आणलेली. त्यांना बसायला स्टूल दिलं. वहिनी पेटी भरून आतल्या दाराशी उभी होती. दादाही आला होता आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. मी पीस समोर ठेवलं, जाळीवर धरून दाखवलं, लिंबू-मिठाचं सांगितलं. मोठ्या आईनं ते लांबूनच निरखलं. ती मूर्ख नव्हती. अंगणातल्या होल्याची शेपटी तिनं जन्मभर बघितली होती.

"होल्याचंच व्हय," ती म्हणाली. आणि लगेच, "चला, बरं झालं. कुसुम, चहा ठेव."

बस्स. चहा ठेव. चुलीपाशी जायची परवानगी, त्याच वाक्यात.

आणि आता बाबांना कंठ फुटला! ते खुर्चीत पुढे सरसावले आणि वर्गात बोलतात तसं खणखणीत आवाजात वहिनीच्या वडलांना म्हणाले, "बघा, म्हणून मी नेहमी सांगत असतो. कुठलीही गोष्ट पारखून घ्यावी. निरीक्षण करावं. आपल्या समाजात अज्ञान फार." ते गरीब गृहस्थ टोपी सावरत "हाव जी, हाव जी" करत राहिले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बाबा, घरटं तुम्हीच काढलं ना? अंडी तुमच्याच हातून फुटली. पीस कुठलं ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

बाबांचं तोंड उघडं ते उघडंच. मला वाटलं आता मोठी आई वहिनीजवळ जाईल, निदान बाबांना वहिनीसाठी दोन शब्द सुनावेल.

"अंडी फोडली?" ती ओरडली. "चैताच्या महिन्यात मुक्या पाखराची अंडी फोडली तुमी? आन् उकिरड्यात टाकली? अरे देवा! आता काय करू मी! सव्वा महिना पाखराइले ज्वारी टाका लागंन. बामनाले इचारा लागंन." बाबाही घाबरून "टाकू, टाकू ना ज्वारी" म्हणायला लागले. दादानं विचारलं, ज्वारी घरात आहे का? आमच्या घरची तिन्ही मोठी माणसं एका होल्याच्या अंड्यांचं प्रायश्चित्त ठरवत बसली आणि दारात पेटी घेऊन उभं असलेलं माणूस कुणाला दिसेना.

वहिनीनं पेटी उचलली. खोलीच्या मधोमध आणून ठेवली. तेव्हा कुठं सगळ्यांचं लक्ष गेलं.

"चला बाबा," ती तिच्या वडलांना म्हणाली.

"अवं, पन आता काहून?" मोठी आई खरोखरच चक्रावली होती. "होल्याचं निंगालं ना?"

वहिनीनं आधी तिच्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग दादाकडे, आणि शेवटी माझ्याकडे. माझ्या हातात अजून ते पीस होतं, बक्षीस मिळाल्यासारखं धरलेलं.

"आन् घुबडाचं असतं तं?" ती म्हणाली.

मी सगळं शोधून काढलं होतं, झालर, भुकटी, गंज. हे एक मला आठवडाभरात सुचलं नव्हतं. तिच्या वडलांनी पेटी डोक्यावर घेतली आणि दोघं उन्हात निघून गेली. संत्र्यांची पिशवी स्टुलाजवळच राहिली. ती संत्री कुणी खाल्ली नाहीत, मागाहून फेकावी लागली, आणि फेकताना त्यांनाही बुरशीचा वास आला.

पावसाळ्यात दादाला लाज वाटली की एकटेपणा खायला उठला, कोण जाणे. त्यानं खापरखेड्याच्या वसाहतीत क्वार्टर घेतलं आणि काटोलला जाऊन तिला हातापाया पडून आणलं. तिथं तिचा संसार झाला. वीज केंद्राची राख वाळवणावर पडते म्हणून ती अजूनही कुरडया पलंगाखाली वाळवते आणि ते सांगताना पूर्वीसारखी मोठ्यानं हसते. आमच्या घरी मात्र ती लग्नाकार्यालाच आली, पाहुणीसारखी, आणि संध्याकाळच्या आत परतली. बाबा गेले तेव्हा आली. मोठी आई गेली तेव्हाही आली. रात्रीची राहिली नाही.

हात पुसत मी मोरीतून बाहेर आले. मालतीबाई भिंतीशी तशाच उभ्या, पिसाकडे टक लावून. हात लावायची हिंमत नव्हती. त्यांच्या मागं त्यांची नवी सून बादली घेऊन कपडे वाळत घालत होती. माझ्या कूलरच्या कोपऱ्याला आदल्या दिवशी मदत म्हणून तिनंच झाडू मारला होता, हे मालतीबाईंचं मला दोनदा सांगून झालं होतं.

"सांगा ना मॅडम. तुमाले तं पाहताबरोबर समजते. घुबडाचं नाई ना?"

पांढरं टोक, काळसर बूड, बोटाला लागणारी भुकटी. मला ते अंधारातही ओळखता आलं असतं. उत्तर जिभेवर होतं.

"असलं तर?" मी विचारलं. "घुबडाचं असलं, तर काय करणार आहात तुम्ही, मालतीबाई?"

मागं त्यांच्या सुनेनं बादली खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.